फिलाग्रिन : कोरड्या कातडीमागचं जनुक आणि लहान मुलांचा इसब

देवचाफा (धागाकर्ती)

बाळांच्या आहाराच्या धाग्यावर एका ताईंनी लिहिलं होतं, की त्यांच्या लेकीला गालांवर आणि हातापायांवर इसब आहे आणि घरातली मोठी माणसं "गरोदरपणात आंबट-तिखट खाल्लंस, त्याचंच हे" असं सुनावतात. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी रेणवीय जीवशास्त्रात काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं सांगणार नाही. पण एका जनुकाबद्दल लिहायचंय. ते समजलं की आईला बोल लावायला जागा उरत नाही, आणि रोज अंगाला मलम का चोपडायचं तेही कळतं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग. शरीरातलं पाणी आत आणि धूळ, जंतू, साबण बाहेर ठेवण्याचं बरंचसं काम हा थर करतो. त्वचेचा अभ्यास करणारे त्याला विटांची भिंत म्हणतात. चपट्या पेशी म्हणजे विटा, मधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. या विटा नीट घडवणारं प्रथिन म्हणजे फिलाग्रिन. त्याचं जनुक पहिल्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे, आणि त्याच्या आजूबाजूला त्वचा घडवणारी इतरही बरीच जनुकं दाटीने बसलेली आहेत.

पेशी आधी एक लांबलचक प्रथिन बनवते. त्यात फिलाग्रिनच्या दहा ते बारा प्रती एकापुढे एक जोडलेल्या असतात. हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात साठवलेलं असतं. पेशी वर सरकत सरकत मरणाच्या टप्प्यावर आली की साखळी तुटते, सुटे झालेले फिलाग्रिन पेशीतले केराटिनचे धागे घट्ट बांधतात आणि पेशी चपटी होते. पण काम तिथे संपत नाही. आणखी वरच्या थरात गेल्यावर फिलाग्रिन स्वतःच मोडून त्याची अमिनो आम्लं आणि त्यांच्यापासून होणारी काही द्रव्यं तयार होतात. ती पाणी धरून ठेवतात आणि कातडी किंचित आम्लधर्मी राखतात. ही आम्लता महत्त्वाची. स्निग्ध द्रव्यं तयार करणारी विकरं (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) तिच्यातच नीट चालतात, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जंतूंना ती मानवत नाही.

फिलाग्रिन कमी पडलं तर काय होतं हे एका जुन्या, ओळखीच्या आजारात दिसतं. त्याचं नाव इक्थिओसिस व्हल्गॅरिस. नडगीवर बारीक पांढुरके खवले, दंडांवर आणि मांड्यांवर खरखरीत पुरळ, तळहातावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आणि खोल रेषा. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या एका जुन्या पाहणीत अडीचशे मुलांमागे एकाला तो आढळला होता. या लोकांच्या कातडीत फिलाग्रिन फार कमी असतं किंवा नसतंच, हे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं. तरी जनुकातला नेमका दोष सापडायला आणखी वीस वर्षं गेली. कारण जनुकाच्या मुख्य भागात डीएनएची बारा हजारांहून जास्त अक्षरं आहेत आणि त्यात जवळजवळ सारखाच मजकूर दहा-बारा वेळा लागोपाठ येतो. त्या काळी जनुकाचे छोटे तुकडे वाचून ते जुळवत. सगळे तुकडे एकसारखे असले तर कुठला कुठे जोडायचा?

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने हे किचकट काम तडीस नेलं. २००६ साली एकापाठोपाठ दोन शोधनिबंध आले. पहिल्याने सांगितलं, की इक्थिओसिस व्हल्गॅरिस फिलाग्रिन जनुकातल्या दोषांमुळे होतो. दुसऱ्यात डब्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलन अर्व्हाइनही होते, आणि आयर्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्कमधल्या रुग्णांचा अभ्यास होता. तेच दोष अ‍ॅटोपिक इसबाचा, म्हणजे लहान मुलांत नेहमी दिसणाऱ्या इसबाचा, धोका वाढवतात, असा त्याचा निष्कर्ष. सापडलेल्या दोन मुख्य दोषांची नावं आर५०१एक्स आणि २२८२डेल४. पहिल्यात प्रथिन ५०१ व्या जागीच थांबतं, दुसऱ्यात चार अक्षरं गळालेली आहेत. दोन्हींचा परिणाम एकच, जनुकाच्या त्या प्रतीपासून कामाचं फिलाग्रिन बनत नाही. युरोपीय वंशाच्या सुमारे ९ टक्के लोकांकडे यातला एक तरी दोष असतो. त्यांना इसब होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण तिपटीने जास्त.

हा शोध मला इतका मोलाचा वाटतो, कारण तोवर इसब म्हटलं की बहुतेक संशोधन प्रतिकारशक्तीच्या बिघाडाकडे बघत होतं. आत काहीतरी बिघडलंय आणि ते कातडीवर उमटतंय, असा तो विचार. २००६ नंतर प्रश्न उलटा विचारला जाऊ लागला. कातडीच आधी गळत असेल, आणि बाहेरून आत शिरणाऱ्या गोष्टींमुळे प्रतिकारशक्ती खवळत असेल तर? फिलाग्रिनचा दोष असलेल्या मुलांना पुढे दमा होण्याची शक्यताही जास्त असते, पण ती मुख्यतः ज्यांना आधी इसब झाला त्यांच्यात. फिलाग्रिन फुप्फुसाच्या नळ्यांमध्ये बनतच नाही. तरीही कातडीतल्या दोषाचा धागा दम्यापर्यंत जातो.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगते. दोष असलेल्या बहुतेक लोकांना इसब होतच नाही, आणि इसब असलेल्या बऱ्याच मुलांचं फिलाग्रिन जनुक अगदी ठणठणीत असतं.

वऱ्हाडवारा

छान लिहिलंय. माझ्या नडग्या तुम्ही वर्णन केल्यात तशाच आहेत, वडिलांच्याही तशाच होत्या. आम्ही अकोल्याचे. थंडीत पायांना अक्षरशः भेगा पडतात. पण नोकरीनिमित्त काही वर्षं रत्नागिरीला होतो तेव्हा हा त्रास जवळजवळ विसरलोच होतो. जनुक तर तेच होतं ना? मग असं कसं?

देवचाफा

जनुक तेच, हवा वेगळी. फिलाग्रिन कमी असलेली कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही. कोकणात हवेतच दमटपणा असतो, त्यामुळे वरच्या थरातून पाणी उडून जाण्याचा वेग कमी राहतो. अकोल्याच्या डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी ठणठणीत, तिथे कातडीची उणीव लगेच उघडी पडते. इक्थिओसिस व्हल्गॅरिस दमट हवेत आणि उन्हाळ्यात कमी होतो हे जगभर दिसलंय. अमेरिकेत-कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांना हिवाळ्यात याचाच अनुभव येतो, कारण हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते.

यातली मला फार आवडलेली एक जुनी गोष्ट आहे. १९८० च्या दशकात उंदरांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की जन्माआधी फिलाग्रिन मोडत नाही. पिल्लू बाहेरच्या कोरड्या हवेत आलं की वरच्या थरात ते मोडायला लागतं आणि पाणी धरणारी द्रव्यं तयार होतात. पिल्लांना खूप दमट हवेत ठेवलं तर हे मोडणं थांबून राहतं. म्हणजे बाहेर किती कोरडं आहे हे बघून कातडी आपला ओलावा तयार करते. ज्यांच्याकडे मुळात फिलाग्रिनच नाही त्यांना हा उपाय उपलब्ध नसतो.

मीरा_कृष्णाकाठ

देवचाफाताई, विचारू का नको असं चाललं होतं, पण विचारते. मी आणि माझे मिस्टर मामे-आते भावंडं. आमच्याकडे अशी लग्नं सर्रास होतात. दोघांचीही कातडी हिवाळ्यात कोरडी, पण त्रास असा नाही. थोरल्या मुलीला काहीच नाही. धाकट्याला मात्र पहिल्या वर्षापासून अंगभर खवले, खाज, रात्र रात्र झोप नाही. सासूबाई म्हणतात माझ्या माहेरचं आहे. माझी आई म्हणते सासरचं. खरं काय?

देवचाफा

मीराताई, विचारलंत ते बरं केलंत.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. फिलाग्रिनची एक प्रत सदोष असेल तर कातडी थोडी कोरडी, हातावर रेषा जास्त, आणि कित्येकदा एवढंच. दोन्ही सदोष असतील तर खवले ठळक आणि इसबाची शक्यता बरीच जास्त. तुमच्या दोघांकडे एकेक सदोष प्रत असेल तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक शक्यता दोन्ही सदोष येण्याची, चारात एक दोन्ही चांगल्या येण्याची, आणि उरलेली अर्धी शक्यता एक सदोष येण्याची. थोरलीला चांगल्या प्रती मिळाल्या असतील आणि धाकट्याला दोन्ही सदोष, तर तो निव्वळ योगायोग. मामे-आते भावंडांचे आजी-आजोबा एकच असल्यामुळे तीच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण तुमच्या बाबतीत माहेर आणि सासर असा भेद करायलाच जागा नाही. तुमच्या मिस्टरांची आणि तुमची ती प्रत बहुधा एकाच आजी-आजोबांकडून आलेली असेल.

फक्त हे सगळं "असेल तर" आहे. निदान त्वचारोगतज्ज्ञांनीच करायचं.

त्वचावैद्य

मी जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. धागा वाचून बरं वाटलं. मीराताईंसाठी थोडं लिहितो.

नात्यातल्या लग्नात खवल्यांचे इतर, जास्त गंभीर प्रकारही दिसतात, म्हणून आम्ही काही प्रश्न हमखास विचारतो. बाळ जन्मलं तेव्हा अंगावर चकचकीत, ताणलेला पापुद्रा होता का? असेल तर विचार दुसऱ्या जनुकांचा करावा लागतो. इक्थिओसिस व्हल्गॅरिसमध्ये बाळ जन्मताना साधारण दिसतं, आणि खवले पहिल्या वर्षात हळूहळू उमटतात. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घड्या खवल्यांपासून मोकळ्या असतात. तिथे खाज आणि लाली असेल तर तो खवल्यांच्या जोडीला आलेला इसब. तळहात बघितल्याशिवाय मी या मुलांचं निदान लिहीत नाही.

आणखी एक प्रकार फक्त मुलग्यांत ठळक दिसतो. मानेवर, पोटावर, पायांवर मोठे, काळपट खवले, तळहात मात्र साधे. तो एक्स गुणसूत्रावरच्या वेगळ्या जनुकामुळे होतो आणि आईकडून मुलाकडे येतो. त्यात कधी कधी आईला बाळंतपणाच्या कळाच नीट येत नाहीत, कारण त्या जनुकापासून बनणारं विकर वारेतही लागतं. म्हणून आम्ही आईला बाळंतपणाबद्दल विचारतो, त्यात तिला बोल लावण्याचा हेतू नसतो.

मुलाची झोप जात असेल तर थांबू नका, दाखवा. खाजेमुळे झोप न मिळालेली मुलं शाळेत मागे पडतात, चिडचिडी होतात, आणि घरच्यांना ती हट्टी वाटतात. हे मी दर आठवड्याला बघतो.

गोदातीर

चर्चा माहितीपूर्ण आहे. पण माझं वय झालंय आणि अनुभवही आहे, म्हणून लिहितो. आमच्या लहानपणी अशा मुलांना रक्तशुद्धीचे काढे देत, वांगं, दही, आंबवलेलं बंद करत, आणि मुलं बरी होत. सगळंच जनुकावर ढकललं तर पथ्यपाण्याला काही अर्थच उरणार नाही.

देवचाफा

काका, मुलं बरी होत हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे. लहान मुलांचा इसब बऱ्याच जणांत मोठं होता होता आपोआप कमी होतो. पण त्यामुळे त्या काळात जे काही केलं असेल त्यालाच श्रेय जातं, काढा असो नाहीतर मलम. म्हणून तर संशोधनात मुलांचे दोन गट करून तुलना करावी लागते.

जनुकावर सगळं ढकलावं असं माझं म्हणणं नाही. मूळ कारण रक्तातली अशुद्धी आहे याला मात्र पुरावा नाही, आणि त्या समजुतीची किंमत मुलं मोजतात. दूध, अंडी, डाळी सरसकट बंद केलेली, वजन न वाढणारी बाळं डॉक्टरांकडे येतात. काही मुलांना खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी असते, विशेषतः तीव्र इसब असेल तर. ती तपासून, त्या एकाच पदार्थापुरतं पथ्य पाळावं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

निळाई

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते, मुलगा दीड वर्षाचा. इथे पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो. त्याला तिसऱ्या महिन्यापासून इसब. मी तीन गोष्टी ऐकल्यात. जड पाण्यामुळे इसब वाढतो, ऑलिव्ह तेल लावावं, आणि शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत द्यायचे नाहीत. आई फोनवर खोबरेल लाव म्हणते. यातलं काय धरायचं?

देवचाफा

निळाई, एकेक घेऊ.

पाणी. जड पाण्यात साबणाचा अंश कातडीवर जास्त चिकटून राहतो, आणि ज्यांच्या फिलाग्रिनमध्ये दोष आहे त्यांच्या कातडीला तो जास्त झोंबतो, असं प्रयोगात दिसलंय. पण इंग्लंडमध्येच ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारं यंत्र बसवून बघितलं होतं, निष्कर्ष २०११ मध्ये आले, आणि आधीच इसब असलेल्या मुलांना त्याने फायदा झाला नाही. तेव्हा यंत्रावर पैसे घालू नका, साबण कमी करा. मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरच्या पाण्याने आंघोळ करणाऱ्यांनाही हेच सांगेन. साध्या साबणाची वडी बरीच अल्कधर्मी असते. कातडीची आम्लता ती पुसून टाकते, आणि ज्यांच्याकडे फिलाग्रिन कमी त्यांना ती परत मिळवायला जड जातं.

तेल. शेफील्ड विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने मोठ्या माणसांच्या त्वचेची भिंत कमकुवत झालेली दिसली, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं, ते स्निग्ध थर विस्कटतं. खोबरेलाबद्दल तुमच्या आईच्या बाजूने पुरावा आहे. फिलिपीन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं होतं. तेव्हा आईला सांगा, लावते म्हणून. पण डॉक्टरांनी दिलेलं मॉइश्चरायझर सोडून फक्त तेलावर राहू नका. आणि इथल्या आयांना एक विनंती. मालिशवाल्या बाई लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने बाळाला रगडतात, ते इसबवाल्या बाळाला करू देऊ नका. आधीच पातळ असलेला थर खरवडून निघतो.

शेंगदाणे. इथे फिलाग्रिनची गोष्ट फार रंजक होते. २०११ मध्ये दिसलं, की या जनुकात दोष असलेल्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता बरीच जास्त. मग ब्रिटनमधल्या घरांतली धूळ तपासली. ज्या घरात शेंगदाण्याचा अंश जास्त, तिथे दोष असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती शेंगदाण्याविरुद्ध तयार झालेली जास्त आढळली, आणि दोष नसलेल्या मुलांत तो संबंध दिसला नाही. लंडनचे गिडिअन लॅक म्हणतात, की फुटक्या कातडीतून आत गेलेलं अन्न शरीराला शत्रू वाटतं, आणि तोंडावाटे पोटात गेलेलं ओळखीचं होतं. त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेऊन चाचणी केली. निष्कर्ष २०१५ मध्ये आला. लवकर शेंगदाणे सुरू केलेल्या मुलांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी सुमारे ३ टक्के, न दिलेल्यांत सुमारे १७. "तीन वर्षं थांबा" हा जुना सल्ला त्यामुळे मागे पडला. तुमचा मुलगा आता दीड वर्षाचा आहे आणि इसब आहे, म्हणून स्वतः सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो.

जाता जाता, लाकडी घाण्याच्या न गाळलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचे अंश राहतात. खाण्याबद्दल बोलत नाहीये, पण ते बाळाच्या इसबावर चोळू नये.

अनुस्वार

मी एम.एस्सी.चा विद्यार्थी. एक शंका. भिंत गळते म्हणून इसब होतो, हे खरं असेल तर जन्मापासून मॉइश्चरायझर लावून इसब टाळता यायला हवा. ब्रिटनमध्ये अशी मोठी चाचणी झाली आणि ती फसली असं वाचलंय. मग हा सगळा सिद्धांतच डळमळीत होत नाही का?

देवचाफा

धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

२०१४ मध्ये ब्रिटन-अमेरिका आणि जपानमधून दोन छोट्या चाचण्या आल्या होत्या. जन्मापासून मॉइश्चरायझर लावलेल्या बाळांत इसब कमी दिसला, आणि सगळ्यांना फार आशा वाटली. मग नॉटिंगहॅमच्या गटाने घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेली १३९४ बाळं घेतली. अर्ध्यांना पहिलं वर्षभर रोज अंगभर मॉइश्चरायझर, अर्ध्यांना नेहमीची काळजी. २०२० मध्ये निष्कर्ष आला. दोन वर्षांच्या वयात पहिल्या गटात २३ टक्के मुलांना इसब, दुसऱ्यात २५. फरक नाही म्हणावा इतकाच. उलट मॉइश्चरायझरच्या गटात त्वचेचे संसर्ग थोडे जास्त, १५ विरुद्ध ११ टक्के. त्याच वर्षी नॉर्वे-स्वीडनच्या चाचणीतही फायदा दिसला नाही.

मला याचा अर्थ असा वाटतो. जनुकाचा पुरावा त्यामुळे कमी होत नाही. दोष आणि इसब यांचा संबंध इतक्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलाय की त्याबद्दल शंका नाही. बाहेरून लावलेलं मेण-पॅराफिन त्या उणिवेची भरपाई करतं हे गृहीत मात्र चुकीचं ठरलं. फिलाग्रिन पेशीच्या आतून विट घडवतं, तिचं पाणी आणि आम्लता ठरवतं. वरून दिलेला स्निग्ध लेप हे काम करू शकत नाही, तो फक्त पाणी उडणं कमी करतो.

दुसरी बाजूही बघायला हवी. एकदा जळजळ सुरू झाली की प्रतिकारशक्तीचे इंटरल्यूकिन-४ आणि १३ हे संदेशवाहक पेशींना फिलाग्रिन कमी बनवायला लावतात, जनुक निर्दोष असलं तरी. म्हणजे जन्मजात दोष नसलेल्या मुलाची भिंतही जळजळीमुळे कोसळते. गळती आणि जळजळ एकमेकींना वाढवतात. म्हणून या दोन संदेशांचा मार्ग अडवणारं डुपिलुमॅब, ज्याला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, तीव्र इसबात उपयोगी पडतं. ते जनुकाला हातही लावत नाही.

डेन्मार्कच्या गटाला तर मांजराचाही संबंध सापडला. दोष असलेल्या बाळाच्या घरात जन्मापासून मांजर असेल तर इसब जास्त, कुत्रा असेल तर तसं नाही. जनुक एकटं काहीच ठरवत नाही, हे यातून दिसतं.

आणि मॉइश्चरायझर निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नका. निरोगी बाळाचा इसब त्याने टळत नाही, पण इसब असलेल्या मुलाला त्याने आराम पडतो, आजार उसळण्याचं प्रमाण आणि स्टेरॉइडची गरज कमी होते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

वऱ्हाडवारा

मग ही जनुकाची तपासणी पुण्या-मुंबईत करून घ्यावी का? मुलीचं लग्न ठरायचंय, तिचेही पाय माझ्यासारखेच आहेत.

देवचाफा

माझं मत, नको. पहिलं कारण, उपचार त्यावर ठरत नाहीत, निदान बघून होतं. दुसरं, युरोपात सापडणारे दोष आणि आशियात सापडणारे दोष वेगळे आहेत. जपान, चीन, कोरियात स्वतःचे वेगळे दोष निघाले, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे दोष कमीच सापडतात, इसब मात्र भरपूर. दोन-चार युरोपीय दोष तपासणारी चाचणी "दोष नाही" म्हणाली तरी तुमच्या बाबतीत ते पुरेसं नाही. तिसरं, लग्नासाठी तपासणी कशाला? हा आजार स्पर्शाने पसरत नाही, आयुष्य कमी करत नाही, आणि एक सदोष प्रत असलेली माणसं जगात कोट्यवधी आहेत. मुलीचे पाय कोरडे आहेत, एवढंच सांगा.

मीरा_कृष्णाकाठ

डॉक्टर, आमच्याकडे औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं होतं. त्याने चार दिवसांत सगळं साफ झालं, बंद केलं की दुप्पट आलं. ते पुन्हा वापरू का?

त्वचावैद्य

नको, ताई. नळी घेऊन या, आधी बघू. दुकानातून विचारून दिली जाणारी बरीच मलमं स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचं मिश्रण असतात. इसबाला त्यातल्या दोन गोष्टी लागत नाहीत, आणि गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की ते वरवर दबतं आणि आतून पसरतं. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली ती याचसाठी, तरी ती मिळतात.

पण उलट टोकही नको. स्टेरॉइड म्हटलं की घाबरून मुलाला महिनोन्‌महिने खाजवू देणारे पालकही येतात. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस वापरलं तर ते सुरक्षित आहे. प्रमाण लक्षात ठेवा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत जेवढं मलम मावतं, तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. बहुतेक जण यापेक्षा फार कमी लावतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात.

मॉइश्चरायझर मात्र हात सैल सोडून. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच लावायचं. महाग हवंच असं नाही. पांढरं मऊ पॅराफिन आणि द्रव पॅराफिन समप्रमाणात, इतकं स्वस्त मिश्रणही चालतं. डब्यात बोटं घालू नका, चमच्याने काढा, नाहीतर डब्यात जंतू वाढतात. खवले जाड असतील तर युरिया असलेली क्रीम उपयोगी पडते, पण लहान मुलांच्या फुटलेल्या कातडीवर ती झोंबते, म्हणून विचारून. आणि पॅराफिन मुरलेले कपडे पटकन पेट घेतात. शेगडीजवळ, आणि दिवाळीत फटाक्यांजवळ, त्या कपड्यांनिशी मुलाला जाऊ देऊ नका.

मीरा_कृष्णाकाठ

मंगळवारी घेऊन येते त्याला, म्हणजे आमच्या इथल्या डॉक्टरांकडे. नळी पण नेते. एक राहिलं. शाळेत पोहायला नेतात, पाठवू का?

त्वचावैद्य

पाठवा. जखमा ओल्या असतील, पू असेल तेव्हा नाही. एरवी पाण्यात उतरण्याआधी पातळ थर लावा, बाहेर आल्यावर साध्या पाण्याने क्लोरिन धुऊन टाका आणि लगेच पुन्हा लावा. शाळेच्या सरांना चिठ्ठी द्या की हे संसर्गजन्य नाही. नाहीतर इतर पालक तक्रार करतात आणि मुलाला काठावर बसवून ठेवतात.